उपराष्ट्रपती

मुलांनो, सरपंच गावात नसले की उपसरपंच काम पाहतात. देशासाठीही संविधानाने अशीच सोय केली आहे. उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे सभापती असतात. राष्ट्रपतिपद रिकामे झाले, तर नवी निवड होईपर्यंत ते सांभाळतात.

१९६९ साली राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती गिरी यांनी कारभार हाती घेतला; पण पुढे निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला. तेव्हा नागपूरला शिकलेले सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी ते काम पाहिले. १९७९ मध्ये ते स्वतः उपराष्ट्रपती झाले.

उपराष्ट्रपतींना हटवता येते का? हो. त्यासाठी १४ दिवस आधी सूचना द्यावी लागते. राज्यसभेच्या सर्व सदस्यांच्या बहुमताने ठराव व्हावा लागतो आणि लोकसभेची संमती लागते. कोणा एकाच्या मर्जीने हे पद जात नाही, हेच संविधानाचे बळ आहे.