आळ मिरचीवर, मोकळा खर्रा

सिरोंचात कुणी ‘गुंडेल्लो मंटा’ म्हणो की ‘छातीत जळजळतंय’, औषधाच्या दुकानात गोळी तीच मिळते. प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरच्या या गावात घराघरात तेलुगू आणि कचेरीत मराठी चालते. पित्ताचा दोष मात्र दोन्ही भाषांत मिरचीलाच. साहजिक आहे. ताटात तिखट आणि चिंचेचं आंबट, नदीपलीकडे तेलंगणात मिरचीचे मळे, आणि गडचिरोली-चंद्रपूरची माणसं दरवर्षी तिकडे मिरची तोडायला जातात. पण माझ्या मते खरा आरोपी खिशात असतो.

हा आजार काही थोडक्यांचा नाही. आठवड्यातून एकदा तरी छातीत जळजळ किंवा घशाशी आंबट येणं ही खूण धरली, तर जगभरच्या अभ्यासांची सरासरी प्रौढांमध्ये १३-१४ टक्क्यांच्या घरात जाते. उत्तर अमेरिकेत १८ ते २८, पूर्व आशियात त्याहून पुष्कळ कमी. आपल्याकडे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक शहरांतल्या पाहणीत ७.६ टक्के आढळले, तर दिल्लीच्या एम्समधल्या कर्मचाऱ्यांत १६ टक्क्यांवर. व्याख्या बदलली, माणसं बदलली की आकडा हलतो. तरी दहा-बारा जणांत एक हा हिशेब फारसा चुकत नाही.

अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब. तिच्या तळाशी स्नायूंचं कडं असतं. घास खाली गेला की ते आवळतं. जठराला आम्लापासून जपणारं जाड अस्तर आहे, अन्ननलिकेला नाही. कडं सैलावलं की आम्ल वर येतं आणि जाळतं. पोटाचा घेर, गर्भारपण, तुडुंब जेवून लगेच आडवं होणं ही नेहमीची कारणं. निकोटिननेही हे कडं सैल पडतं. मिरची चिडलेल्या नळीला झोंबते, हे खरं. पण नळी चिडवायला सुरुवात तिने केलेली असतेच असं नाही.

आता पानठेल्यावर उभं राहून पाहा. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या तुकड्यावर टाकून तळहाताने घोट-घोट घोटायचं, पुडी बांधायची. हाच खर्रा. पहिली चिमूट पुष्कळदा न्याहारीच्या आधीच गालात जाते. भूक मरते, जेवण लांबतं, रात्री एकदाच पोटभर भात. बहुतेक रस थुंकला तरी थोडा गिळला जातोच. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, त्यात बिनधुराची तंबाखू घेणारे फार. इकडे गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे. तंबाखूविरुद्धही लढणारी ‘मुक्तिपथ’ मोहीम मात्र २०१६ची.

जळजळीपेक्षा मोठी भीती कर्करोगाची. पाश्चात्त्य देशांत वर्षानुवर्षं आम्लाने भाजलेल्या अस्तरात बदल होऊन (त्याला बॅरेट्स म्हणतात) होणारा प्रकार जास्त दिसतो. तरी बॅरेट्स असणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो होतो. भारतात नळीच्या मूळ अस्तराचा प्रकार अधिक, आणि त्याच्यामागे तंबाखू, सुपारी, दारू. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच जाहीर केलंय. म्हणजे खर्रा दोन्हीकडून घेरतो. मिरचीवर असा आरोप सिद्ध झालेला नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर ओमेप्राझोल १९८८ साली बाजारात आलं, त्याचीच भावंडं आज सगळीकडे. ती नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची असतात; आपण जळजळ सुरू झाल्यावर, जेवून उठताना घेतो आणि ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणतो. पण गोळीच्याही आधी रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकावं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा द्याव्यात, डाव्या कुशीवर झोपावं. अंगदुखीच्या गोळ्या रिकाम्या पोटी नकोत. रोवणीच्या दिवसांत त्या फार खपतात.

घास अडकू लागला, वजन उतरलं, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं दिसलं, तर गोळी बदलत बसू नये. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. गोदावरीवर पूल झाल्यापासून पुष्कळ जण पलीकडे वरंगलची वाट धरतात. कुठेही जा, एंडोस्कोपी करून घ्या. आणि छातीतली आग घाम फोडत हाताकडे, जबड्याकडे सरकली, तर ती पित्ताची न मानता आधी ईसीजी काढा.