अरविंद नेत्र रुग्णालय : स्वस्ताईमागचे शिक्षण

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय निवडताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो, डॉक्टर कोण? डोळ्यांत थेंब कोणी टाकले, भिंगाचा नंबर कोणी मोजला, शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाला कोणी तयार केले, याची चौकशी क्वचितच होते. तमिळनाडूतील मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय अल्पदरातील आणि मोफत शस्त्रक्रियांमुळे जगभर नावाजले गेले. मात्र ही स्वस्ताई शक्य कशी झाली, याचे उत्तर बरेचसे या दुर्लक्षित प्रश्नांत दडलेले आहे.

या रुग्णालयाचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी सेवेतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि १९७६ मध्ये त्यांनी भाड्याच्या घरात ११ खाटांचे रुग्णालय थाटले. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे तरुणपणीच वाकडी झाली होती. त्याच बोटांत शस्त्र धरण्याचा सराव करून त्यांनी हयातीत एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. रुग्णालयाला नाव दिले ते योगी अरविंदांचे, कामाच्या पद्धतीसाठी दाखला मात्र ते मॅकडोनाल्डचा देत! एकाच चवीचा, एकाच दर्जाचा पदार्थ हजारो ठिकाणी मिळू शकतो, तर दृष्टी का मिळू नये, असा त्यांचा सवाल होता. अध्यात्म आणि हॅम्बर्गर यांची अशी सांगड घालणारा दुसरा वैद्य विरळाच. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले.

सर्वांत दुर्मिळ आणि महाग असतो तो शल्यविशारदाचा वेळ, हे या पद्धतीचे गृहीतक होय. म्हणून शस्त्रक्रियागृहात एका शल्यविशारदाच्या दिमतीला दोन टेबले असतात. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर दुसऱ्याची तयारी पूर्ण होते. पहिली संपली की सूक्ष्मदर्शक वळवून दुसरी सुरू होते. येथील एक शल्यविशारद वर्षाला सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया करतो असे सांगितले जाते. हा वेग त्याच्या एकट्याच्या हातांचा नव्हे. निदान, शस्त्रक्रिया आणि वैद्यकीय निर्णय एवढेच डॉक्टरांकडे ठेवून उरलेले जवळपास सारे काम प्रशिक्षित मुलींवर सोपविलेले असते.

बारावीनंतरची दोन वर्षे

या मुली मुख्यत्वे ग्रामीण भागातून, बारावी उत्तीर्ण होऊन येतात. संस्थेच्या भाषेत त्या ‘मध्यम स्तरीय नेत्रसेविका’, तर रुग्णालयात सर्वांच्या ‘सिस्टर’. निवडीत परीक्षेतील गुणांपेक्षा स्वभावाला महत्त्व दिले जाते. मुलीबरोबर तिच्या आईवडिलांशीही बोलणे होते. प्रशिक्षण दोन वर्षांचे असून त्या काळात विद्यावेतन मिळते. आरंभीचे काही महिने सर्वांना सारखाच पाया शिकवला जातो. त्यानंतर कल पाहून कोणाला चष्म्याचा नंबर तपासण्यास, कोणाला शस्त्रक्रियागृहात, कोणाला वॉर्डात, तर कोणाला समुपदेशनासाठी नेमले जाते. संस्थेच्या मनुष्यबळात निम्म्याहून अधिक वाटा या मुलींचा आहे.

यातील समुपदेशकाचे काम विशेष दखल घेण्याजोगे आहे. खेड्यातून आलेल्या वृद्धेला शस्त्रक्रियेचे नाव काढताच धडकी भरते. तिला तिच्याच बोलीत, घाई न करता समजावणे हे डॉक्टरांना वेळेअभावी जमत नाही, आणि खरे तर पुष्कळांना साधतही नाही. ते काम गावाकडूनच आलेली, त्यासाठी शिकलेली मुलगी अधिक चांगले करते.

हेच सूत्र १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑरोलॅब’ या संस्थेच्या कारखान्यातही दिसते. त्यापूर्वी डोळ्यात बसविण्याचे कृत्रिम भिंग आयात करावे लागे व त्याची किंमत गरीब रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. परिणामी मोफत शस्त्रक्रिया झालेला रुग्ण जाड भिंगांचा चष्मा लावून घरी परते. ऑरोलॅबने ते भिंग काही डॉलरांत उपलब्ध केले. तेथेही अशाच ग्रामीण मुलींना अत्यंत काटेकोर काम शिकवून कारखाना उभा राहिला.

चुकांची वही

मात्र कामाचा वेग वाढला की दर्जा ढासळतो, ही शंका रास्त आहे. त्यावरचा उपाय म्हणजे नोंद. शस्त्रक्रियेतील गुंतागुंत नोंदवली जाते, ती कोणाच्या हातून झाली हे तपासले जाते आणि त्यावर चर्चा होते. त्याहून कौतुकाची बाब अशी, की संस्था हे आकडे झाकून ठेवत नाही. सुमारे ८० हजार शस्त्रक्रियांचा आढावा २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार शस्त्रक्रियेदरम्यान गुंतागुंत होण्याचे प्रमाण अनुभवी डॉक्टरांकडे ०.७९ टक्के, निवासी डॉक्टरांकडे २.०६ टक्के, तर बाहेरून शिकण्यास आलेल्यांकडे ५.११ टक्के होते.

हे आकडे वाचून कोणालाही प्रश्न पडेल, की नवशिक्यांचा हात बसतो तो कोणाच्या डोळ्यांवर? शिकवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयापुढचा हा प्रश्न आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याचे ओझे गरीब रुग्णच वाहतो. अरविंदमध्ये डॉक्टर आणि सिस्टर यांना पैसे भरणाऱ्या आणि मोफत अशा दोन्ही विभागांत आळीपाळीने काम करावे लागते, त्यामुळे ‘मोफतवाल्यांचे डॉक्टर’ असा वेगळा वर्ग निर्माण झाला नाही. तरीही सुखसोयींप्रमाणेच शस्त्रक्रियेच्या तंत्रातही दोन विभागांत फरक राहत आला आहे, हे नमूद करायला हवे.

नोंदींचा खरा लाभ दिसला तो २०१७ मध्ये. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग दृष्टी हिरावून घेऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या अखेरीस डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडल्यास काय फरक पडतो, हे अरविंदच्या डॉक्टरांनी स्वतःच्याच सहा लाख शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून तपासले. संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यावरून ०.०२ टक्क्यावर आल्याचे आढळले. एवढ्या विरळ घटनेतील फरक सिद्ध करण्यासाठी लाखोंची संख्या लागते, आणि प्रत्येक नोंद चोख असावी लागते. ती चोख ठेवण्याच्या सवयीमागे पुन्हा तीच प्रशिक्षित माणसे असतात.

शिक्का आणि कौशल्य

या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. दिवस पहाटेच सुरू होतो, काम तेच ते असते, आणि खासगी व्यवसायातील मिळकत डॉक्टरांना सतत खुणावत असते. सिस्टरांपैकी अनेकजणी काही वर्षांनी, मुख्यतः लग्नामुळे, नोकरी सोडतात. मग दोन वर्षे जिवापाड शिकलेल्या कौशल्याचे बाहेर मोल काय, हा प्रश्न उरतो. एका संस्थेने तिच्या गरजेपुरते घडवलेले शिक्षण दुसरीकडे कितपत ग्राह्य धरले जावे?

संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये संसदेने केलेला कायदा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अशा व्यावसायिकासाठी किमान दोन हजार तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले पदविका वा पदवी शिक्षण त्यात अपेक्षित असून नेत्रसेवेतील सहायकांचाही कायद्याच्या परिशिष्टात समावेश आहे. रुग्णालयांनी आपल्या आवारात चालविलेल्या प्रशिक्षणाला या चौकटीत बसवायचे तर अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांचा नव्याने विचार करावा लागेल. मदुराईतील रुग्णालयाचा सल्ला घेऊन आपली कार्यपद्धती बदललेली नेत्ररुग्णालये देश-विदेशांत तीनशेहून अधिक आहेत. तेथे कामाला लागलेल्या मुलींपुढेही प्रमाणपत्राचा हाच प्रश्न आहे.