ओरखडा कागदानेच घालवायचा
पत्र्यावरचा रंग : भाग ९

मागच्या भागात काळ्या बॉनेटवर क्लिअरचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, दोन हात मारून झाले होते. बंद बूथ नसलेल्या गॅरेजात मारलेलं क्लिअर अगदी सपाट क्वचितच बसतं. कुठे संत्र्याच्या सालीसारखा उंचसखलपणा येतो, कुठे धुळीचा कण अडकतो, कडेला एखादा ओघळ उतरतो. हे सगळं पाणी लावून पेपरने घासायचं, सपाट करायचं आणि मग मशीनने चमक परत आणायची, हा या आठवड्याचा विषय. या कामातला सर्वात मोठा गैरसमज असा, की पेपरचे ओरखडे बफिंगने ‘पुसले’ जातात. ओरखडा पुसला जात नाही. त्याच्या तळापर्यंतचं क्लिअर सगळीकडून उतरवावं लागतं, तेव्हाच तो नाहीसा होतो.

हे एकदा नीट समजलं की पुढचे सगळे नियम आपोआप उलगडतात. दोन हात मारलेल्या क्लिअरची सुकल्यावरची जाडी साधारण ५० ते ६० मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. घासायला मिळणारी सगळी पुंजी एवढीच. तीही पूर्ण खर्चायची नाही, कारण उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात. पी १५०० पेपरच्या कणाचा सरासरी आकार १२.६ मायक्रॉन, पी २००० चा १०.३. आकड्यांतला हा फरक किरकोळ वाटतो, पण पेपरवर अडकलेला एकच जाड कण किंवा बादलीतून आलेला वाळूचा खडा पेपरच्या कणांपेक्षा कितीतरी खोल चर पाडतो. बॉनेटवर हजारो बारीक ओरखडे असले, तरी किती क्लिअर उतरवायचं हे त्यांतला सर्वात खोल ओरखडाच ठरवतो.

म्हणून पाणी. ते पेपर आणि क्लिअर यांच्यातलं घर्षण कमी करतं आणि सुटलेला भुसा वाहून नेतं. भुसा साचला की त्याची गुठळी होते आणि गुठळी ओरखडा पाडते. पाण्यात चालणारा पेपर थ्रीएम कंपनीने १९२१ साली बाजारात आणला. गाड्या रंगवणाऱ्या कारागिरांना तेव्हा शिसेमिश्रित रंगाची धूळ नाकातोंडात घेत कोरडं घासावं लागे, त्यामुळे या पेपरने चमकेबरोबर त्यांचं आरोग्यही थोडंफार राखलं. आजही पेपर वापरण्याआधी पाण्यात भिजवून ठेवावा, पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकावेत आणि नंबर बदलला की बादलीही बदलावी. पेपर जमिनीवर पडला तर तो टाकून द्यावा. तिथे काटकसर केली तर ती क्लिअरमधून वसूल होते.

पेपर बोटांनी दाबून घासू नये. बोटाखाली दाब जास्त पडतो, बोटांमधल्या फटीत कमी, आणि पॉलिश झाल्यावर उजेडात त्या लांबट खाचा दिसतात. सपाट भागावर रबराचा किंवा कडक फोमचा ब्लॉक घ्यावा. १५०० चा पेपर एका दिशेने मारला, तर २००० चा त्याला काटकोनात मारावा. आधीच्या दिशेची एकही रेघ उरली नाही म्हणजे २००० चं काम झालं. त्याआधी ३००० ला हात लावू नये. अधूनमधून रबराच्या पट्टीने पाणी ओढून तिरप्या उजेडात पाहावं : जिथे अजून चकचकीत ठिपके दिसतात तिथे खड्डे शिल्लक आहेत, आणि सगळं एकसारखं मंद झालं की सपाट झालं. घासताना निघणारं पाणी दुधाळ असतं. त्यात गाडीचा रंग उतरू लागला, तर क्लिअर संपून आपण खालच्या रंगापर्यंत पोचलो आहोत. तिथे पॉलिशचा काही उपयोग नाही, पुन्हा फवारणीच.

आपल्याकडच्या गॅरेजांत ‘रबिंग’वर जो भर दिसतो, त्याचं मूळ जुन्या लॅकरमध्ये आहे. ड्यूपॉंटचं ड्युको १९२३ साली आलं आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांवर चढलं. आपल्याकडेही नायट्रोसेल्युलोज लॅकर कित्येक वर्षं गाड्यांवर मारलं जात होतं. ते लॅकर सुकलं की मंद दिसे. पुष्कळ हात मारायचे आणि जोर लावून घासायचं, तेव्हा कुठे चमक येई. हार्डनर घातलेलं आजचं टू-के क्लिअर बंदुकीतूनच चमकदार उतरतं आणि त्याचे हात दोनच असतात. लॅकरवर सरावलेला जोर त्याच्यावर लावणं घातक आहे. अनुभवी माणसाच्या हातूनही क्लिअर फाटतं, ते बहुतेक वेळा यामुळेच.

३००० च्या पेपरनंतर बॉनेटमध्ये दिव्याचं धूसर प्रतिबिंब दिसू लागतं. आता मशीन. बॉनेटच्या कडा आणि उठावाच्या रेघा यांवर आधी मास्किंग टेप लावून घ्यावी, कारण फवारलेला रंग कडेवरून ओसरतो आणि तिथे थर सर्वात पातळ राहतो. मशीनच्या पॅडला लावायच्या कंपाउंडमधले कण बहुतेक ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. कापायला लोकरीचा पॅड किंवा कडक फोम घ्यावा, एका वेळी दीड-दोन फुटांचाच चौकोन करावा, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढवावी. फिरणारा पॅड कडेवरून बाहेर जाईल असा धरावा, कडेवर चढून येईल असा कधीच नाही. सारखा हाताने पत्रा तपासावा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर थांबावं : ताजं क्लिअर गरमीने मऊ पडतं, पॅड त्यात रुततो आणि ते ओढलं जातं.

कंपाउंडनंतरची चमक पाहून हुरळून जाऊ नये. कंपाउंडमधलं तेल ओरखड्यांत भरून त्यांना झाकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात बरंच पातळ करून स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसावं आणि गाडी उन्हात आणावी, किंवा एकाच टॉर्चचा उजेड पाडावा. काळ्या गाडीवर तेव्हा दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. प्रत्यक्षात ओरखडे गोल नसतात, ते सगळ्या दिशांना गेलेले असतात. पण दिव्याच्या उजेडाला आडवा असलेला ओरखडाच तो उजेड आपल्या डोळ्यांकडे वळवतो. अशा आडव्या तुकड्यांची एकत्रित रचना दिव्याभोवती गोल दिसते, आणि टॉर्च सरकवला की वर्तुळंही सरकतात. रोटरी मशीनच्या खुणा वेगळ्या : त्या एकाच दिशेने वळत गेलेल्या असतात आणि उन्हात धुरकट पट्ट्यांसारख्या हलतात. त्या घालवायला दुहेरी गतीचं मशीन, मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश लागतं. त्यानंतरही एखादी सरळ, ठळक रेघ उरली, तर ती पेपरची आहे. कंपाउंड लावून तिच्यावरच मशीन धरत बसलं तर तिथे खळगा होतो. तेवढ्या भागावर ३००० चा पेपर पुन्हा मारणं केव्हाही सुरक्षित.

वेळेचंही सांगायला हवं. बरीच टू-के क्लिअर ६० अंशांवर अर्धा तास भाजून थंड झाल्यावर, किंवा साधारण २० अंशांच्या हवेत रात्रभर सुकवल्यावर घासता येतात. नेमकं काय ते त्या डब्याच्या माहितीपत्रकात असतं आणि तेच मानावं. घाई केली, तर आत उरलेलं थिनर नंतरच्या दिवसांत बाहेर पडतं, थर आकसतो, चमक मंदावते आणि गेलेले ओरखडे पुन्हा उमटतात. फारच उशीर केला, तर क्लिअर इतकं कडक होतं की तेच काम दुप्पट कष्टाचं होतं. पॉलिश झाल्यावर मेण किंवा सिरॅमिक कोटिंग लगेच चढवू नये. सुटणाऱ्या थिनरला बाहेरची वाट मोकळी राहावी म्हणून क्लिअर बनवणारे सांगतील तितके आठवडे थांबावं. तोवर साध्या शाम्पूने धुणं आणि भरपूर पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसणं पुरतं.

पुढच्या भागात ओघळ : तो ब्लेडने कापावा की पेपरने उतरवावा, आणि घासण्याआधी किती दिवस थांबावं.