ब्रेकनंतर हार्डटेल टोचतेय? विकायच्या आधी एवढं करून बघा

हे या भागाचं लेखी रूप. बोलताना आकडे भराभर निघून जातात आणि हातात एलन की घेऊन कुणी पॉडकास्ट मागेपुढे करत बसत नाही. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिलंय.

विषय असा आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आणि त्यानंतर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी माउंटन बाइक घेतली. वर्षभर दणकून चालवली. मग ऑफिस सुरू झालं, बाळ झालं, गुडघा दुखावला, काहीही झालं आणि सायकल बाल्कनीत गेली. आता परत बाहेर काढली तर दहाव्या किलोमीटरला हाताला मुंग्या, मान आखडलेली आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसवत नाही. मग डोक्यात दोनच विचार येतात. एक, ही सायकलच आपल्याला सूट होत नाही, विकून टाकू. दोन, मागेही शॉकअप असलेली फुल सस्पेन्शन घेऊ. चांगली घ्यायची तर ती लाखाच्या पुढे जाते.

मला वाटतं, या दोन्हीच्या आधी एक तिसरी गोष्ट करण्यासारखी आहे. सायकल तीच आहे, तिच्यावर बसणारं शरीर बदललंय. तेव्हा आजच्या शरीरासाठी सायकल थोडी बदला, पण असे बदल करा जे दोन महिन्यांनी परत फिरवता येतील. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात याला रोलबॅक म्हणतात. त्यातही फुकटचे बदल आधी, स्वस्तातले नंतर आणि महागडे सगळ्यात शेवटी.

मुळात दुखतं का?

सायकलवर आपलं वजन तीन ठिकाणी वाटलं जातं: बूड, तळहात आणि पाय. नियमित चालवत असताना पाय जोरात पेडल मारतात, त्यामुळे बुडावरचा भार हलका होतो. पोट आणि कंबरेचे स्नायू धड धरून ठेवतात, त्यामुळे हातांवर कमी भार येतो. ब्रेकमध्ये हे दोन्ही सैल पडतं. त्यात दिवसभर लॅपटॉपसमोर बसून मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात, म्हणून पुढे वाकणंही कमी झालेलं असतं. मग जे वजन पोटाने आणि पायांनी उचलायचं, ते सरळ तळहात आणि बुडावर येतं.

हार्डटेलमध्ये पुढे फोर्क आहे, मागे काहीच नाही. मागच्या चाकाला बसलेला दणका फ्रेम, सीटपोस्ट आणि सॅडलमधून थेट कंबरेत जातो. त्या वाटेवर दणका गिळणारी मुख्य गोष्ट एकच, ती म्हणजे टायरमधली हवा. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

त्याआधी पाच मिनिटं सुरक्षेसाठी द्या. टायरच्या बाजूला भेगा पडल्यात का बघा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकलून बघा. चेनवर गंज असेल तर पुसून तेल द्या. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट वाळलेलं असणार असंच धरून चाला. ते काही महिन्यांतच वाळतं आणि आपल्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर.

१. हवा: खर्च शून्य, फरक सगळ्यात जास्त

पंक्चरवाले काका टायर अंगठ्याने दाबून "झाली टाइट" म्हणतात. ती हवा बहुतेक वेळा ४५-५० पीएसआयच्या घरात असते. टायरच्या कडेला लिहिलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. इतक्या हवेत टायर दगडासारखा होतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा तुम्हाला वर उडवतो. खराब रस्त्यावर असा टायर जोरात पळतो हाही गैरसमजच. जी ताकद पुढे जायला लागायची, ती तुम्हाला हलवण्यात वाया जाते.

माझे आकडे सांगतो, ते सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या. वजन ७२ किलो, २९ इंची चाक, २.२५ इंच रुंद टायर, आत ट्यूब. पुढे २७ आणि मागे ३० पीएसआय. मागे जास्त, कारण बसल्यावर मागच्या चाकावर वजन जास्त येतं. तुमचं वजन ५५ किलो असेल तर दोन्हीकडे ३-४ पीएसआय कमी करा, ९० च्या पुढे असेल तर तेवढे वाढवा. टायर यापेक्षा अरुंद असेल तर थोडी जास्त हवा लागेल. ट्यूबलेस असेल तर आणखी ३-४ ने खाली जाता येतं. टायरवर किमान आकडा लिहिला असेल तर त्याच्या खाली मात्र जाऊ नका.

हवा फार कमी झाली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. तसं पंक्चर झालं तर २-३ पीएसआय वाढवा. हे सगळं करायला गेजवाला पंप लागतो. या अख्ख्या यादीतली पहिली खरेदी करायची तर तीच करा.

२. फोर्क: आहे, पण काम करतोय का?

आधी फोर्कच्या उजव्या पायावरचं लॉकआउट बघा. ते बंद असेल तर फोर्क हलणारच नाही. मग सॅग मोजा. सॅग म्हणजे तुम्ही नुसते बसल्यावर फोर्क किती खाली दबतो ते.

भिंतीला टेकून नेहमीसारखे सायकलवर बसा. फोर्कच्या चकचकीत नळीवर रबराची रिंग असते, नसेल तर झिप टाय बांधा. ती खाली सीलपर्यंत सरकवा आणि धक्का न देता उतरा. रिंग किती वर राहिली ते मोजा. १०० मिमी प्रवासाच्या फोर्कला २० मिमीच्या आसपास सॅग असेल तर ठीक. आराम हवा असेल तर २५ पर्यंतही चालतं.

एअर फोर्क असेल तर हवा कमी-जास्त करून हे जमतं. त्यासाठी वेगळा शॉक पंप लागतो, टायरचा पंप लावू नका. ब्रेकमध्ये हवा थोडी उतरलेली असू शकते, तेव्हा एकदा मोजाच. कॉइल फोर्क असेल तर वरची प्रीलोडची गोल चकती पूर्ण सैल करून बघा. सुरुवातीच्या किमतीतल्या सायकलींवरची स्प्रिंग हलक्या वजनाच्या लोकांना बरेचदा कडकच पडते. तुमचं वजन ५०-५५ किलो असेल आणि चकती सैल करूनही फोर्क जेमतेम दबत असेल, तर फोर्कवर वेळ घालवू नका. सगळं लक्ष टायर आणि ग्रिपवर द्या.

३. सॅडल: उंची, कोन, जागा

उंचीची सोपी चाचणी अशी. टाच पेडलवर ठेवा, पेडल एकदम खाली न्या. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा पेडलवर ठेवल्यावर गुडघ्यात आपोआप हलका वाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सॅडल बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा वर आहे. सीटपोस्ट वर काढताना त्यावरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

कोन सपाट ठेवा, फोनमधलं लेव्हलचं ॲप पुरतं. टोचतंय म्हणून नाक खूप खाली केलं, तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि स्वतःला हातांनी मागे ढकलत बसता. बूड सुटतं, मनगटं धरतात. एक-दोन अंश खाली ठीक, त्याहून जास्त नको.

आणि हँडल लांब वाटतंय म्हणून सॅडल पुढे सरकवू नका. ते सगळेच करतात. त्याने गुडघ्यावर ताण येतो आणि हातांवरचं वजन उलट वाढतं. सॅडलची जागा पायांवरून ठरवायची, हँडलची हातांवरून.

४. हँडल: थोडं वर, थोडं जवळ

ब्रेकनंतरच्या शरीराला सगळ्यात जास्त इथेच दिलासा मिळतो. स्टेमच्या वर स्पेसरच्या चकत्या असतील तर त्या स्टेमच्या खाली आणा, हँडल तेवढं वर येईल. स्टेम खालच्या बाजूला झुकलेला असेल तर उलटा करून बसवा, आणखी थोडी उंची मिळेल. दोन्ही फुकट आणि दोन्ही परत फिरवता येतात.

फक्त क्रम पाळा. स्टेमच्या बाजूचे बोल्ट ढिले करा, वरचं झाकण काढा, चकत्या बदला. बसवताना वरच्या झाकणाचा बोल्ट आधी. हँडल मोकळं फिरेल आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवली तर खडखड होणार नाही, इतपतच आवळा. मग चाक सरळ करून बाजूचे बोल्ट आवळा, स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कएवढे. खात्री नसेल तर दुकानात करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

ब्रेकच्या लिव्हरही बघा. खांदा, कोपर, मनगट आणि बोटं एका सरळ रेषेत यायला हवीत. लिव्हर आडव्या असतील तर मनगट सतत वर मुडपलेलं राहतं आणि तळहाताच्या बुडाशी दाब येतो.

५. आता पाकीट काढा

वरचं सगळं करून दोन आठवडे चालवल्यावरच खरेदीकडे वळा. माझा क्रम असा:

पॅडेड शॉर्ट्स. आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, नाहीतर शिवणी टोचतात आणि पॅडचा उपयोग जातो.

ग्रिप. जाड सिलिकॉनच्या किंवा तळहाताला आधार देणाऱ्या पंखवाल्या.

रुंद टायर. २.१ च्या जागी २.३५ बसला तर आत हवेची जागा वाढते आणि कमी प्रेशर चालतं. आधी फ्रेम आणि फोर्कमध्ये दोन्ही बाजूंनी निदान ५-६ मिमी मोकळी जागा उरेल का ते मोजा.

सॅडल. इथे मऊ म्हणजे आरामदायी असं नाही. जाड जेलमध्ये बसायची हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. महत्त्वाची आहे ती रुंदी. खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्यावर कडक खुर्चीत थोडं पुढे वाकून बसा, दोन खळगे पडतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात साधारण २० ते २५ मिमी मिळवा. ती तुमची रुंदी.

सस्पेन्शन सीटपोस्ट. मागचा दणका खरोखर कमी करणारी वस्तू ही. २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिमी हे नेहमीचे व्यास, तुमच्या सीटपोस्टवर कोरलेला असतो. फक्त लक्षात घ्या, वजनाने ती थोडी दबते, म्हणून उंची पुन्हा लावावी लागते.

६. शरीराला तीन आठवडे द्या

बसायच्या हाडांभोवतालचा भाग हळूहळूच सरावतो. पहिला आठवडा दिवसाआड अर्धा तास, सपाट रस्त्यावर. दुसऱ्यात पाऊण तास, तिसऱ्यात एखादी सवा तासाची राइड. पुण्यात असाल तर खडकवासल्याकडे सकाळी लवकर जाऊन या, पण पहिल्याच रविवारी सिंहगड नको. राइड नसेल त्या दिवशी दोन-तीन वेळा प्लँक करा. हातांवरचं वजन कमी करायचा कायमचा उपाय तोच.

चालवतानाही एक सवय लावा. स्पीडब्रेकर किंवा खड्डा दिसला की पेडल आडवे करा, बूड दोन इंच उचला, गुडघे आणि कोपर सैल सोडा. हार्डटेलचं मागचं सस्पेन्शन म्हणजे आपले पायच आहेत. दर दहा मिनिटांनी हातांची जागा बदला.

आणि एका वेळी एकच बदल. आधीचं माप फोनमध्ये टिपा, सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं ते कधीच कळत नाही. बग शोधताना जो नियम, तोच इथे.

हे मात्र अंगावर काढू नका

करंगळी आणि अनामिका बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेने जाणारी अल्नर नस दाबली जातेय. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं असतील तर मनगटाच्या मधली मीडियन नस. राइडमध्ये हात झटकून लगेच बरं होत असेल तर हँडल आणि ग्रिपकडे बघा. पण उतरल्यावर काही तासांनीही बधिरपणा राहिला, किंवा शर्टची बटणं लावताना बोटं अडखळली, तर राइड थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. नाजूक भागाला बधिरपणा येत असेल तर "सवय होईल" म्हणून चालवत राहू नका. त्याच दिवशी सॅडलचा कोन आणि उंची तपासा, तरीही आला तर सॅडल बदला.

दोन महिन्यांनी शरीर परत लयीत आलं की एक चकती वर सरकवून हँडल ५ मिमी खाली आणून बघा. बरं वाटलं तर राहू द्या, नाही तर परत वर. तुमचं वजन, टायरची रुंदी आणि चालू पीएसआय खाली कमेंटमध्ये लिहा, पुढच्या भागात त्यातले काही सेटअप आपण एकत्र बघू. भेटूच, तोवर हवा तपासून ठेवा!