चंद्रावर पुन्हा जाणे अवघड का?

भूगोलाच्या तासाला चंद्राचा विषय निघाला, की वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा हात वर करून विचारतो, "गुरुजी, १९६९ साली माणूस चंद्रावर जाऊन आला. मग पुन्हा जायला इतकी वर्षे का लागावीत?" प्रश्न मार्मिक आहे. त्याला नीट उत्तर मिळाले नाही, तर संध्याकाळी पारावर कोणीतरी म्हणणारच, "अरे, गेलेच नव्हते कोणी! सगळा सिनेमा होता तो!" आणि ते त्या पोराला खरे वाटेल. म्हणून हे उत्तर आपण जरा सावकाश पाहू.

माणूस गेला होता, यात शंका नाही. जुलै १९६९ ते डिसेंबर १९७२ या काळात सहा वेळा मिळून बारा अमेरिकन अंतराळवीर चंद्रावर उतरले. येताना त्यांनी ३८२ किलो दगडमाती आणली. तिथे त्यांनी मांडून ठेवलेल्या आरशांवर पृथ्वीवरून लेसरचे किरण सोडून शास्त्रज्ञ चंद्राचे अंतर आजही मोजतात.

मग पुढे थांबले का? पहिले कारण अगदी व्यवहाराचे आहे. ती रशियाशी लागलेली शर्यत होती. १९६६ साली अमेरिकन सरकारच्या खर्चातल्या दर शंभर डॉलरांपैकी चारांहून अधिक डॉलर अंतराळाच्या कामावर जात. अलीकडच्या वर्षांत ते प्रमाण शंभरात अर्ध्या डॉलरच्याही खाली आले आहे. शर्यत जिंकली, उत्साह ओसरला आणि ठरलेली पुढची उड्डाणेही रद्द झाली. कारखाने दुसऱ्या कामाला लागले, माणसे पांगली.

माणसे पांगली, हेच दुसरे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे कारण. कोणी म्हणेल, "नकाशे तर असतील ना? ते पाहून तसाच अग्निबाण पुन्हा बांधावा." नकाशे जपून ठेवलेले आहेत. पण आपल्याकडची बैलगाडी घ्या. चाकाचा व्यास, आऱ्यांची संख्या हे सारे वहीत लिहिता येते. पण लोखंडी धाव किती तापवायची, ती चाकावर केव्हा चढवायची आणि पाणी कोणत्या क्षणी ओतायचे, हे सुतार-लोहारांच्या डोळ्याला आणि हाताला ठाऊक. गावात रबरी चाकांच्या गाड्या आल्या, ते हात थांबले, की वही असूनही चाक होत नाही. अमेरिकेतही तेच झाले. चंद्रावर नेणाऱ्या त्या सॅटर्न अग्निबाणाचे एक जुने इंजिन २०१३ च्या सुमारास तरुण अभियंत्यांनी उघडून पाहिले. जुन्या कारागिरांनी जोडकाम करताना जागच्या जागी केलेल्या कितीतरी खुब्या त्यात निघाल्या, आणि त्या कुठल्याच नकाशात नव्हत्या!

तिसरे कारण असे, की आताचे काम पूर्वीचे नाही. तेव्हा माणसे चंद्राच्या मध्यभागाजवळच्या, त्यातल्या त्यात सपाट जागी उतरली. सर्वांत लांबचा मुक्काम सुमारे पंचाहत्तर तासांचा होता. आता जायचे आहे दक्षिण ध्रुवाकडे, आणि पुढेमागे तिथे राहायचेही आहे. कारण तिथे बर्फाच्या रूपाने पाणी आहे. चंद्रावरच्या पाण्याच्या खुणा टिपण्यात २००८ साली सुटलेल्या आपल्या चांद्रयानाचाही वाटा आहे. पण ध्रुवावर सूर्य क्षितिजालगत रेंगाळतो. सावल्या मैलोगणती लांब पडतात, खड्डा कुठला आणि सपाटी कुठली हे कळत नाही. काही विवरांत तर ऊन कधी पोचतच नाही; तिथली थंडी शून्याखाली दोनशे अंशांच्याही पलीकडची.

शिवाय चंद्रावर हवा नाही, तेव्हा हवाई छत्रीचा उपयोग नाही. इंजिनाच्या जोरावरच वेग आवरत उतरावे लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये आपले विक्रम यान उतरताना आदळले. ऑगस्ट २०२३ मध्ये रशियाचे यान कोसळले, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला आपले चांद्रयान-३ अलगद उतरले. मार्च २०२५ मध्ये ध्रुवाजवळ उतरलेले एक अमेरिकन यान कुशीवर कलंडले. यंत्र कलंडले तर नुकसान पैशाचे होते. आत माणसे असतील आणि यान कलंडले, तर त्यांनी परतायचे कसे?

आणि परतणे हाच साऱ्यात नाजूक भाग. पृथ्वीभोवती फिरणारे यान खाली येते तेव्हा त्याचा वेग ताशी २८,००० किलोमीटर असतो. चंद्रावरून येणाऱ्याचा सुमारे ४०,०००. वेग जवळजवळ दीडपट, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ती दुप्पट होते. वातावरणात शिरताना यानाच्या बुडाशी सुमारे २,७०० अंश सेल्सिअस उष्णता होते. ती अडवायला तिथे एका खास द्रव्याची ढाल असते. ही ढाल स्वतः जळून कोळसा होते आणि आतल्यांना वाचवते.

पूर्वी ही ढाल मधाच्या पोळ्यासारखी असे. तिची तीन लाखांहून अधिक घरे कारागीर एकेक करून हाताने भरत. नव्या ओरायन यानासाठी द्रव्य त्याच जातीचे घेतले, पण ते घरांत न भरता त्याचे मोठे ठोकळे करून बसवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये हे यान माणसांवाचून चंद्राकडे गेले आणि ११ डिसेंबरला समुद्रात उतरले. ढाल तपासली, तर शंभराहून अधिक ठिकाणी जळक्या थराचे टवके उडालेले!

असे का व्हावे? कुंभाराला विचारा. मडके आतून ओले राहिले आणि भट्टीत गेले, तर कोंडलेली वाफ ते फोडते. तळ्यावर चपटा दगड टप्पा घेतो तसे हे यान वातावरणात एकदा बुडून वर आले आणि पुन्हा बुडाले. मधल्या काळात बाहेरची आच कमी झाली, त्यामुळे वायूला वाट देणारा सच्छिद्र कोळसा पुरेसा झाला नाही. आत मात्र वायू तयार होतच होता. तो कोंडला आणि ढालीला तडे गेले. जमिनीवरच्या चाचण्यांत आच अधिक कडक होती, म्हणून तिथे हा दोष दिसलाच नव्हता! हे उकलायला दोन वर्षे लागली. डिसेंबर २०२४ मध्ये असे ठरले, की माणसे नेणाऱ्या पुढच्या यानाला ढाल तीच ठेवावी, पण खाली येण्याची वाट बदलावी. त्या ढालीमागे चार जणांचे प्राण असणार होते. २०२२ च्या त्या यानात माणसे असती, तर तीही सुखरूप आली असती, असे तज्ज्ञ सांगतात. तरीही तडे का गेले हे कळल्याशिवाय माणूस बसवायचा नाही, हा हट्ट योग्यच नव्हे काय?

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, त्या मुलाला सांगा: "बाळ, माणूस गेला होता. पण ज्या हातांनी त्याला नेले ते हात आता उरले नाहीत, आता जायची जागाही वेगळी आहे, आणि नेलेला माणूस परत घरी आणायचा आहे. म्हणून वेळ लागतो." आणि जमल्यास त्याच दिवशी वर्गाला गावच्या सुताराकडे किंवा कुंभाराकडे घेऊन जा. त्यांना काय विचारायचे, ते मुले आपोआप ठरवतील.