फ्रेम कशाची, त्यावर सायकलचा भाव

परळच्या नाक्यावर डबेवाल्याची सायकल पाहा. हँडलला डब्यांच्या पिशव्या, कॅरियरवर आणखी ओझं. तरी पोलादी फ्रेम हूं की चूं करत नाही. पोलाद स्वस्त, आणि तडा गेलाच तर कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला जोडून देतो. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही त्याच प्रमाणात कमी. म्हणून नळ्या जाड घ्याव्या लागतात. वेल्डिंगनंतर बहुतेक फ्रेम भट्टीत तापवून पुन्हा बळकट करतात. टायटॅनियम जोडताना हवा लागू नये म्हणून आरगॉन वायूचं आवरण हवं. कार्बन फायबरचे थर तर साच्यात बहुतांशी हातानेच बसवतात. थोडक्यात, भाव चढतो तो मालाइतकाच घडणावळीनेही. रोज ओझंच वाहायचं असेल, तर पोलादच परवडतं.