आयटीआय झालेल्यांनाही अंटार्क्टिकाची संधी! यवतमाळहून तिथे पोहोचायचं कसं?

यवतमाळ : मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या यवतमाळातून थेट बर्फाच्या खंडावर नोकरी? शक्य आहे आणि त्यासाठी शास्त्रज्ञच असावं लागतं, असंही नाही.

कोणाला संधी?
‘मैत्री’ आणि ‘भारती’ या भारतीय केंद्रांवर वर्षभर माणसं राहतात. जनरेटर, वाहनं, स्वयंपाकघर चालवायला डिझेल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, आचारी लागतात. डॉक्टरही लागतात. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र कंत्राटी जागांची जाहिरात काढतं.

प्रवास कसा?
निवड झाली की वैद्यकीय आणि मानसिक तपासणी, मग उत्तराखंडमधील औली येथे बर्फावरचं प्रशिक्षण. १९८१ मध्ये गोव्याहून जहाजाने निघालेल्या पहिल्या मोहिमेला महिन्याहून अधिक काळ लागला होता. आता केपटाऊनहून विमान साधारण सहा तासांत बर्फावर उतरतं.

खरी परीक्षा कोणती?
हिवाळी चमूतले लोक वर्षाहून अधिक काळ तिथेच असतात. हिवाळ्यात कित्येक महिने ना जहाज, ना विमान. घरी लग्न असो की दुःखाचा प्रसंग, परतता येत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी घरच्यांशी बोला.